न थांबणाऱ्या यंत्राची खोली

माझ्या धाकट्या दिरांना सगळे 'डॉक्टर' म्हणतात. ते डॉक्टर नाहीत. कॉलेजच्या कॉम्प्युटर प्रयोगशाळेत ते चौतीस वर्षं सहायक होते. म्हणजे मुलं येण्याआधी यंत्रं सुरू करायची, मुलं गेल्यावर बंद करायची आणि मधल्या वेळात कोणी त्यांवर चहा सांडला तर तो पुसायचा. नोकरीच्या आठव्या वर्षी त्यांनी डॉक्टरेटसाठी नाव नोंदवलं. दुसऱ्या दिवशी शिपायानं "या डॉक्टर" म्हणून दार उघडलं आणि पदवी चिकटली ती चिकटलीच. विद्यापीठाची तेवढी यायची राहिली आहे.

या नावाचा एकदा घोटाळाही झाला. शेजारची नवी भाडेकरू तापानं फणफणलेलं मूल घेऊन दारात आली. भाऊजींनी तिला दवाखान्याचा रस्ता दाखवायचा की नाही? नाही. त्यांनी तिला खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं, की एखादी गोष्ट सुरू झाल्यावर थांबेल की नाही, हे दर वेळी आधीच सांगू शकेल अशी रीत जगात असूच शकत नाही, आणि हे गणितानं सिद्ध झालेलं आहे. त्या बाईनं पुढे आमच्याकडे कधी विरजणसुद्धा मागितलं नाही.

हे जे त्यांनी तिला सांगितलं तेच त्यांच्या आयुष्याचं सार आहे, म्हणून मला जितकं समजलं तितकं इथे लिहिते. माझ्या डायरीत त्याची चार पानं आहेत. त्यांतली दोन मी खोडली आहेत.

कॉम्प्युटर म्हणे एकच गोष्ट करतो: सांगितलेल्या पायऱ्या एकामागून एक चढतो. काही कामं संपतात, काही संपत नाहीत. आता एखादं काम संपणार की जन्मभर चालत राहणार, हे कुठल्याही कामाबद्दल आधी ओळखणारा कॉम्प्युटर बनवता येईल का? येणार नाही. आमच्या जन्माच्या आधीच कोणी तरी ते पक्कं सिद्ध करून ठेवलं. शहाण्या माणसानं यावर "बरं" म्हटलं असतं आणि जेवायला बसला असता. भाऊजींनी प्रबंधाचा विषय घेतला: या मर्यादेच्या पलीकडची यंत्रं.

अशा यंत्रांच्या जाती आहेत. बनवलेलं एकही नाही, पण जाती आहेत. पहिल्या जातीचं यंत्र पहिली पायरी एका मिनिटात चढतं, दुसरी अर्ध्या मिनिटात, तिसरी पाव मिनिटात, आणि असं करत अनंत पायऱ्या दोन मिनिटांत संपवतं. हे मला समजावत असताना माझी जाऊ स्वयंपाकघरातून म्हणाली, "ताई, त्यांना विचारा, परवा सांगितलेला सिलिंडर कितव्या पायरीवर आहे?"

दुसऱ्या जातीत यंत्राशेजारी एक सर्वज्ञ डबी ठेवायची. अडलं की डबीला विचारायचं. ती खरं तेच सांगते. तिला कसं कळतं हे विचारायचं नाही. आम्हाला शाळेत मदर सुपीरियर होत्या, त्यामुळे हे तत्त्व मला लगेच पटलं.

तिसऱ्या जातीचं यंत्र उत्तर देतं, पण त्याला मत बदलायची मुभा असते. आज होय, उद्या नाही, परवा पुन्हा होय. कधी तरी ते एका उत्तरावर कायमचं स्थिरावतं आणि ते उत्तर बरोबरच असतं. फक्त आता स्थिरावलो, हे ते सांगत नाही. "असं यंत्र आपल्या घरात होऊन गेलं," मी म्हटलं, "सासूबाई." भाऊजींना विनोद आवडला नाही, त्यांच्या आईबद्दल होता म्हणून नव्हे, तर सासूबाई गणिती अर्थानं स्थिरावल्याच नाहीत म्हणून.

चौथ्या प्रकारात कृष्णविवर लागतं. यंत्र बाहेर अनंत काळ चालू ठेवायचं आणि ज्याला उत्तर हवं त्यानं कृष्णविवरात उडी मारायची. योग्य जातीचं विवर असेल तर त्याच्या घड्याळाप्रमाणे थोड्याच वेळात त्याला बाहेरच्या सगळ्या अनंत काळाचा निकाल कळतो.

"उत्तर घेऊन परत येता येतं?" जाऊनं विचारलं.

"परत नाही येता येत."

"मग सांगणार कोणाला?"

"प्रश्न सांगण्याचा नाहीये. कळण्याचा आहे."

"मग तुम्हीच जा," ती म्हणाली, आणि कणीक मळायला लागली.

प्रबंधाची सहा प्रकरणं झाली. सातवं राहिलं. त्यात म्हणे साध्या यंत्राची हतबलता प्रत्यक्ष दाखवायची होती, आणि त्यासाठी चौदा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी कॉलेजनं मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर घरी आणला. गणितात एक जुनं म्हणणं आहे: दोनापेक्षा मोठी कुठलीही सम संख्या घ्या, ती दोन मूळ संख्यांची बेरीज असतेच. खोटं आहे असं कोणाला दाखवता आलेलं नाही, खरं आहे असं कोणाला सिद्ध करता आलेलं नाही. भाऊजींचं यंत्र चारपासून सुरुवात करून एकेक सम संख्या तपासतं. न जुळणारी संख्या सापडली की थांबतं. थांबलं तर निकाल लागला. थांबलं नाही तर? "थांबलं नाही, तर अजून थांबलेलं नाही, एवढंच," डॉक्टर म्हणाले, आणि हे वाक्य त्यांनी लिहून ठेवलं.

त्यांच्याच कॉलेजातल्या एका प्राध्यापकानं सांगितलं, की बाहेरच्या मोठमोठ्या यंत्रांनी ही तपासणी कितीतरी पुढे नेऊन ठेवली आहे, तुमचं यंत्र तिथं पोचायला तुमची नातवंडं म्हातारी होतील. "त्यांचं त्यांच्यापाशी," भाऊजी म्हणाले. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही."

डोळ्यांनी पाहण्याची सोय त्यांनी मोठ्या हौसेनं केली होती. यंत्राला पडदा जोडला तर माणूस सारखा बघत बसतो, म्हणून पडदा काढला. त्याऐवजी स्कूटरच्या मागच्या दिव्याचा एक लाल बल्ब लावला. यंत्र थांबलं की बल्ब पेटणार. वीज गेली तर यंत्र बंद पडू नये म्हणून बॅटरीचा जाडजूड डबा जोडला. वीज गेली की तो डबा कोकलायचा. त्यानं विचारांत व्यत्यय येतो म्हणून दुसऱ्याच वर्षी त्याची वायर कापून त्याचं तोंड बंद केलं.

आमचं घर दुमजली आहे. वर मी, खाली ही दोघं आणि त्यांच्या तीन खोल्या. यंत्र आधी बोळात होतं. सात वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीचं, म्हणजे माझ्या पुतणीचं, लग्न झालं आणि मागची तिची खोली मोकळी झाली. ती सासरी गेल्याच्या तिसऱ्या दिवशी यंत्र तिच्या खोलीत गेलं, तेसुद्धा चालू स्थितीत, चहाच्या ट्रॉलीवरून. नवा जावई रीतीप्रमाणे भेटायला आला होता. बॅटरीचा डबा उचलून तो मागून चालला. या घरासाठी जावयानं केलेलं तेवढंच एक काम.

माणूस कसा आहे ते पुढं कळलं. हा गृहस्थ रागावला की बोलणं बंद करतो. दोन दिवस नाही, तीन-तीन आठवडे. मग एके दिवशी ताट भिंतीवर जातं, मग रडणं, माफी, नवा पडदा, नवं ताट, आणि संसार पहिल्यापासून सुरू. पुतणी या सात वर्षांत तीनदा माहेरी आली. तिन्ही वेळा पुढच्या खोलीतल्या दिवाणावर आठ-आठ दिवस झोपली, कारण तिच्या खोलीत यंत्र होतं. तिन्ही वेळा वडिलांनी तिला तोच सल्ला दिला: "अजून थोडं थांबून बघ. काय सांगावं?" तिसऱ्या वेळी कडेवर मूल होतं.

गेल्या गुरुवारी सकाळी तिचा फोन आला. भाऊजींना कमी ऐकू येतं, म्हणून फोन मोठ्या आवाजावर असतो आणि घरातलं काहीच खाजगी राहत नाही.

"बाबा, माझी खोली रिकामी आहे का?"

"बघतो."

"बघायचं काय त्यात? रिकामी आहे, नाहीतर नाहीये."

"तसं नसतं गं बाळ. कित्येक प्रश्नांना..."

"बाबा, मी या वेळी परत जायला येत नाहीये. मी आणि छोटी. दिवाणावर दोघी मावत नाही. मला खोली हवीये, दार लावता येईल अशी."

"अजून थोडं थांबून बघितलंस तर? नाही म्हणजे, काय सांगावं, उद्याच तो..."

"सात वर्षं झाली बाबा."

"सात म्हणजे काही फार..." इथे ते थांबले, कारण जाऊ उलथनं घेऊन दारात उभी राहिली होती.

"मला शनिवारपर्यंत सांगा," पुतणी म्हणाली. आवाज अगदी शांत होता, मला तोच आवडला नाही. "रविवारची गाडी आहे. नाही जमलं तर मैत्रिणीकडे जाईन, ती महिनाभर ठेवून घेईल, पुढचं पुढं. पण बाबा, परत नाही विचारणार हं."

फोन बंद झाला. जाऊनं उलथनं खाली ठेवलं. "बंद करा ते मागचं धूड."

"बंद कसं करू? आज बंद केलं आणि ते उद्या थांबणार होतं तर?"

"मग पुढच्या खोलीत आणा."

"तिथं छोटी असणार. चार वर्षांचं मूल आणि उघड्या वायरी! तू आजी आहेस का कोण?"

असा माणूस आहे. नातीच्या जिवाची काळजी एवढी, की तिला घरातच घ्यायला नको.

शुक्रवारभर ते विचार करत होते. डॉक्टरांचा विचार दिसतो: ते पुढच्या खोलीपासून मागच्या खोलीपर्यंत जातात, बल्बकडे बघतात आणि परत येतात. मी जिन्यात बसून भाजी निवडत होते. माझ्या मोजणीप्रमाणे जेवणापर्यंत अठ्ठावीस फेऱ्या झाल्या. दुपारी जाऊनं मला हाक मारली. तिनं शिवणाची टेप घेतली होती. भाऊजींना न विचारता ती त्या खोलीत पलंगाचं माप घेत होती, आणि टेपचं दुसरं टोक धरायला कोणी तरी हवं होतं.

सात वर्षांत मी त्या खोलीत फारशी गेले नव्हते. भिंतीवर पुतणीच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा तशाच होत्या, त्यांच्यापुढे टेबल, टेबलावर ते पिवळं पडलेलं खोकं घरघरत होतं आणि वर खिळ्याला तो बल्ब. त्यावर इतकी धूळ होती की तो लाल आहे हे माहीत असल्याशिवाय कळलं नसतं. मी पदरानं तो पुसला. आतली तार दिसेना. भाऊजी तेवढ्यात एकोणतिसाव्या फेरीला आले.

मी सहज विचारलं, "भाऊजी, हा बल्ब चांगला आहे ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे, पेटतो ना? शेवटचा कधी पेटला होता?"

"तो कसा पेटेल वहिनी? यंत्र थांबलं की पेटणार."

"हो, पण तो उडालेला असेल, तर यंत्र थांबलं तरी पेटणार नाही. मग तुम्हाला कसं कळणार?"

कृष्णविवराच्या काठावर उभा राहून आयुष्यभर आत बघणारा माणूस माझ्या या प्रश्नाकडे बघत उभा राहिला. मग त्यांनी खुर्चीवर चढून बल्ब काढला, आणि स्लिपरा न घालता बाहेर गेले. समोरच्यांची स्कूटर उभी होती. तिच्या मागच्या दिव्यात त्यांनी आपला बल्ब बसवला, समोरच्यांना ब्रेक दाबायला लावला. अंधार. समोरच्यांचा बल्ब परत बसवला. लख्ख प्रकाश. तीनदा करून पाहिलं. समोरच्यांनी विचारलं, "डॉक्टर, स्कूटर घेताय का?"

म्हणजे यंत्र कदाचित केव्हाच थांबलं असेल. सहा महिन्यांपूर्वी. सहा वर्षांपूर्वी. भाऊजींचा चेहरा मी दीर म्हणून चाळीस वर्षं पाहते आहे. असा कधी पाहिला नव्हता. भीती होती, पण तिच्या आड अक्षरशः परीक्षेत पहिला आलेला मुलगा लपला होता.

आता पडदा जोडून बघायचं, तर त्या जातीचा पडदा जगातून गेलेला. शेवटी शनिवारी सकाळी बाजारातला दुरुस्तीवाला आला. पन्नाशीचा, अबोल माणूस, कधी काळी कॉलेजात भाऊजींच्याच हाताखाली शिकलेला. छातीशी जुना जडशीळ पडदा धरून तो आत आला आणि "कुठाय पेशंट?" म्हणाला. पडदा जोडला. आम्ही तिघं त्याच्या मागे उभी राहिलो. हिरवे आकडे वर सरकत होते.

"चालू आहे," दुरुस्तीवाला म्हणाला.

भाऊजींनी श्वास सोडला. निराशा आणि सुटका एका श्वासात कशी मावते ते मी ऐकलं.

"पण सर," दुरुस्तीवाला पुढं वाकला, "आकडा फारच लहान वाटतो हो. कधी सुरू केलंत?"

"चौदा वर्षं झाली."

त्यानं दोन-चार बटणं दाबली. मग बॅटरीच्या डब्याकडे गेला, झाकण काढलं, आत बघून झाकण परत लावलं. वैद्य चादर ओढतो तसं.

"हे मंगळवारपासून चालू आहे," तो म्हणाला. "मंगळवारी दुपारी एक तेवीसपासून."



"तुमची बॅटरी मेलेली आहे सर. फुगून फुटलीये. पाच-सहा वर्षं तरी झाली असतील. लाइट गेली की हे बंद होत होतं, लाइट आली की आपोआप सुरू. आणि सुरू झालं की चारपासून. तुम्ही मधला आकडा कुठं लिहून ठेवायला सांगितलेलंच नाहीये त्याला."

"लाइट मंगळवारी गेली होती का?" भाऊजींनी विचारलं. कोणाला ते कळेना, म्हणून सगळी माझ्याकडे बघायला लागली.

गेली होती. माझे यजमान आजारी असताना त्यांना घरी ऑक्सिजनचं यंत्र लावलेलं असायचं, तेव्हापासून वीज कधी गेली आणि कधी आली हे मी लिहून ठेवते. ते गेले, सवय राहिली. वर जाऊन मी सहा डायऱ्या आणल्या. मंगळवार: बारा बेचाळीसला गेली, एक तेवीसला आली. भाऊजींनी चष्मा पुसला आणि आम्ही टेबलाशी बसून मोजायला घेतलं. सहा वर्षांत दोनशे सत्तेचाळीस वेळा. म्हणजे दोनशे सत्तेचाळीस वेळा त्या खोक्यानं चार म्हणजे दोन अधिक दोन, हे मोठ्या निष्ठेनं तपासून पाहिलं. सगळ्यांत लांब सलग धाव होती एक्केचाळीस दिवसांची.

"एक्केचाळीस!" भाऊजींचा चेहरा उजळला. "एक्केचाळीस दिवसांत बरंच पुढं गेलं असेल मग!"

दुरुस्तीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"नाही, आता दोष कळला ना," ते उठून फेऱ्या घालायला लागले. "दोष कळणं महत्त्वाचं. नवी बॅटरी घालायची, तासातासाला आकडा लिहून ठेवायची सोय करायची, बल्ब दोन लावायचे. पुन्हा पहिल्यापासून, पण या वेळी नीट. काय? या वेळी नीट चालेल."

जाऊ दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.  ती ओरडली नाही. रागानं नाही, टोमणा म्हणून नाही, इतकी वर्षं शोधत असलेली वस्तू समोरच सापडावी तशी म्हणाली, "तिलाही हेच सांगून पाठवता तुम्ही. तिन्ही वेळा. पुन्हा पहिल्यापासून, या वेळी नीट चालेल."

भाऊजी फेरीच्या मध्यावर थांबले.

ते किती वेळ उभे होते ते मी लिहून ठेवलेलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं मला सुचलं नाही. पडद्यावर हिरवे आकडे सरकत होते. त्यांच्या ओठांची हालचाल दिसत होती. बहुधा ते वाक्य जुळवत होते, त्यात चूक शोधत होते, आणि ती सापडत नव्हती. सव्वीस वर्षं ज्या माणसाला एका प्रकरणाचा शेवट करता आला नाही, त्याला पाहताना मला वाटलं, आता हे सांगतील की थोडा वेळ द्या.

ते टेबलाखाली वाकले आणि त्यांनी प्लग ओढला. त्या खोलीत इतकी शांतता झाली, की स्वयंपाकघरातला नळ ठिबकतो आहे हे आम्हाला पहिल्यांदाच कळलं.

"सर, बंद करायची पण एक पद्धत असते," दुरुस्तीवाला न राहवून म्हणाला.

"असेल," भाऊजी म्हणाले. "फोन द्या."

पहिल्याच घंटेला तिनं उचलला.

"खोली रिकामी आहे," ते म्हणाले. खोलीत तेव्हा खोकं, मेलेली बॅटरी, दुरुस्तीवाल्याचा पडदा, प्रबंधाच्या सहा पेट्या, माझ्या सहा डायऱ्या आणि चार माणसं होती. तरी आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पुराव्याशिवाय विधान केलं, म्हणून कोणी दुरुस्त केलं नाही.

 ती म्हणाली, "बाबा, किती दिवस?"

मी जाऊचा हात धरला. हाच तो प्रश्न, ज्याच्यावर या माणसानं तिला तासभर व्याख्यान दिलं असतं.

"ये तू," ते म्हणाले. "गाडी किती वाजता पोचते ते सांग, मी स्टँडवर येतो. आणि छोटी रात्री कुठल्या कुशीवर झोपते? पलंग कुठल्या भिंतीला लावायचा ते ठरवायचंय."

ती काय म्हणाली ते मी ऐकलं, पण इथे लिहीत नाही.

मग आम्ही सामान काढायला घेतलं. डॉक्टरांनी मोठ्या उत्साहानं टेबलाची एक बाजू उचलली आणि लगेच कमरेत उसण भरून दिवाणावर आडवे झाले. बाकीचं सगळं जाऊनं, मी आणि त्या बिचाऱ्या दुरुस्तीवाल्यानं ओढून बाहेर काढलं. "जपून, जपून," असं ते तिथून दर पायरीला सांगत होते.